आधी पाऊलखुणा, मग उपाय

धानाच्या बांधीत रात्री नासधूस झाली किंवा गोठ्यातील शेळी गेली, की पहिला संशय कोल्ह्यावर येतो आणि पाठोपाठ फाशाचा विचार सुचतो. या दोहोंमध्ये करावयाचे एक काम बहुधा राहून जाते. ते म्हणजे जमिनीकडे पाहणे. भंडारा जिल्ह्यात बांधीतील ओला गाळ, बोडीचा काठ व तलावाची पाळ रात्रीची हकीकत जपून ठेवतात. गुरांच्या पायांखाली ती पुसली जाण्यापूर्वी वाचली पाहिजे.

कोल्ह्याचा ठसा लांबट व अरुंद असतो. त्यात चार बोटे व नखे उमटतात आणि मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागील बाजूस जुळलेल्या दिसतात. कुत्र्याचा ठसा अधिक पसरट. त्याची वाटही भरकटत जाते. बिबट्याचा ठसा मोठा व गोल असून त्यात सहसा नखे उमटत नाहीत. रानडुकराच्या दोन खुरांमागे, बाजूंना, आणखी दोन टोचे दिसतात. एवढे ओळखता आले, तरी निम्मे गैरसमज दूर होतील. मेलेल्या जनावराजवळ कोल्ह्याचा ठसा आढळला, म्हणून त्यानेच ते मारले असेही ठरत नाही. दुसऱ्याच्या शिकारीवर येणे हा त्याचा स्वभावच आहे.

कोल्हा अतिशय सावध प्राणी आहे. अनोळखी वस्तू दिसताच त्याची सरळ वाट थबकते, मागे वळते व वास घेण्यासाठी दुरून वळसा घालते. हे सारे मातीत उमटते. अशा प्राण्यासाठी घाईने मांडलेल्या फाशात शेजाऱ्याचे कुत्रे किंवा वासरू अडकण्याचाच संभव अधिक. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये असे फासे लावणे गुन्हा आहे. कुंपणात वीज सोडणे तर त्याहून भयंकर. विदर्भात त्यापायी वाघांबरोबर माणसांचेही प्राण गेले आहेत. उंदीर खाणारा कोल्हा धानाचा शत्रू नाही, हेही विसरू नये.

शेतकऱ्याने नुकसान मुकाट्याने सोसावे, असा याचा अर्थ नव्हे. ठसा स्पष्ट असेल तर त्यावर घमेले पालथे घालून तो राखावा व विलंब न लावता वनविभागास कळवावे; पंचनाम्याच्या वेळी तोच उपयोगी पडतो. डुकरे कोणत्या धुऱ्यावरून शिरतात हे कळले, की जागलीचे मचाण तेथेच बांधता येते. शेळ्यांसाठी बंदिस्त गोठा व दाराची मजबूत कडी हाच खरा उपाय.

नवेगावबांध पूर्वी याच जिल्ह्यात होते. तेथे वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणकारांकडून रानाची विद्या घेतली. ती विद्या गावोगावच्या वडीलधाऱ्यांजवळ आजही आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्यांना सोबत घेऊन तरुणांना पहाटेच्या वेळी बांधावर न्यावे. चोर ओळखल्याशिवाय शिक्षा देऊ नये, हा गावचा न्याय रानालाही लागू आहे.