एका सेकंदात किती वेळा लुकलुकावे?

स्वतःचे छोटेसे वेबपान तयार करून ते हाताने सजवण्याची हौस पुन्हा मूळ धरू लागली आहे. समाजमाध्यमांच्या एकसाची पानांना कंटाळलेली मंडळी २०१३ मध्ये सुरू झालेल्या निओसिटीजसारख्या सेवेवर आपले बिऱ्हाड मांडतात. त्यात चमचमणाऱ्या चांदण्या, शेपूट हलवणारी मांजरे आणि लुकलुकणाऱ्या अक्षरांची बटणे लावतात. कुणी एकेक ठिपका भरून चित्र बनवतो, दुसरा ते आपल्या पानावर लावतो, तिसरा रंग बदलून पुढे देतो. या देवघेवीचे स्वागतच व्हायला हवे. मात्र अशा प्रत्येक हलत्या चित्रात एक आकडा दडलेला असतो आणि त्याचा थेट संबंध पाहणाऱ्याच्या मेंदूशी येतो. तो आकडा म्हणजे चित्र बदलण्याचा वेग. तो ठरवताना फारसे कुणी विचार करत नाही, आणि काळजीची बाब नेमकी हीच आहे.

या चित्रांचा प्रकार ‘जिफ’ म्हणून ओळखला जातो. अमेरिकेतील कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या चमूने तो १९८७ मध्ये आणला. जास्तीत जास्त २५६ रंग आणि फाइलचा आकार लहान, ही त्याची वैशिष्ट्ये. दसुतीच्या कापडावर घरे मोजून फूल भरावे, तसे पिक्सेलचे चौकोन भरून हे चित्र तयार होते. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत दोन फ्रेममध्ये किती वेळ थांबायचे हे सेकंदाच्या शंभराव्या भागात नोंदवण्याची सोय झाली. १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझरने हे चित्र अखंड फिरवत ठेवण्याची युक्ती जोडली. तेव्हापासून जिफ थांबायला तयार नाही.

जिओसिटीज या सेवेवरील लाखो घरगुती पाने अशाच चित्रांनी भरलेली होती. ‘काम चालू आहे’ असे सांगणारा फावडेवाला त्या काळी जागोजाग दिसे. या सेवेचा अमेरिकेतील कारभार ऑक्टोबर २००९ मध्ये गुंडाळला गेला. पण हौशी संग्राहकांनी जमेल तेवढे वाचवले आणि इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने २०१६ मध्ये त्यातली सुमारे ४५ लाख हलती चित्रे शोधण्याची सोय केली. आज नवी पाने सजवणारे अनेक जण याच जुन्या पेटाऱ्यातून चित्रे उचलतात. त्यांतील बहुतेकांचा कर्ता कोण, हे कुणालाच माहीत नसते. चित्र हातोहाती फिरते, त्यासोबत सूचना मात्र फिरत नाही.

सूचना कशासाठी हवी, हे जपानमधील एका संध्याकाळने जगाला दाखवले. १६ डिसेंबर १९९७ रोजी तेथे ‘पोकेमॉन’ या कार्टून मालिकेचा एक भाग दाखवला गेला. त्यातील एका प्रसंगात पडदा काही क्षण लाल आणि निळ्या रंगांत सेकंदाला साधारण १२ वेळा भगभगला. त्यानंतर सुमारे ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले, त्यांत बहुसंख्य मुले होती. अनेकांना त्यापूर्वी कधीही फिट आलेली नव्हती. मालिका चार महिने बंद राहिली आणि जपानी वाहिन्यांनी लखलखत्या दृश्यांसाठी नियम केले.

डोळ्यांसमोर प्रकाशाची उघडझाप झाली, की मेंदूच्या मागच्या भागातील दृष्टिकेंद्राच्या पेशी त्या तालाला प्रतिसाद देतात. बहुतेकांमध्ये हा प्रतिसाद मर्यादेत राहतो. प्रकाशसंवेदी अपस्मार, म्हणजे फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी असलेल्यांमध्ये मात्र या पेशी एकाच वेळी, एकाच लयीत उद्दीपित होतात. ती लाट मेंदूभर पसरली, की आकडी येते. सेकंदाला साधारण १५ ते २५ वेळा होणारी उघडझाप सर्वाधिक घातक मानली जाते, पण त्याहून कमी वेगही काहींना पुरतो. गडद लाल रंगाचा धोका विशेष. बालपण आणि किशोरवयात ही संवेदनशीलता अधिक आढळते, म्हणजे नेमके ज्या वयात ही चित्रे बनवण्याचा आणि पाहण्याचा छंद लागतो त्याच वयात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. त्यांतील शंभरातल्या साधारण तिघांना प्रकाशामुळे झटका येऊ शकतो. एवढ्या थोड्यांसाठी सगळ्यांनी आपली हौस आवरायची का, असा प्रश्न कुणी विचारील. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की आपण या थोड्यांपैकी आहोत हे पुष्कळांना पहिली फिट येईपर्यंत ठाऊकच नसते. त्यामुळे ‘ज्याला त्रास होतो त्याने पाहू नये’ हा सल्ला निरुपयोगी ठरतो. दुसरे उत्तर असे, की हौस आवरावी लागतच नाही, फक्त हिशेब करावा लागतो.

तो हिशेब सोपा आहे. वेबपाने सर्वांना वापरता यावीत यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष २००८ मध्ये नव्याने ठरले, तेव्हा त्यात स्पष्ट नियम आला. कोणत्याही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नको. आता दोन फ्रेमचे एक साधे चित्र घ्या, एक फ्रेम उजळ आणि एक काळी. प्रत्येक फ्रेम सेकंदाचा दहावा भाग टिकली, म्हणजे नोंदीत १० हा आकडा असला, तर सेकंदाला ५ लखलखाट होतात. नियम मोडला. तोच आकडा १७ केला, तर लखलखाट तिनाच्या आत येतात. ५० केला, तर सेकंदाला एकच, निवांत उघडझाप होते. आणखी एक मेख आहे. आकडा शून्य किंवा एक ठेवला, तर अनेक ब्राउझर तो न जुमानता १० धरून चालतात. म्हणजे बनवणाऱ्याने विचारच केला नाही, तरी दोन फ्रेमचे चित्र आपोआप मर्यादेबाहेर जाते.

वेगाइतकेच क्षेत्रफळही महत्त्वाचे. नजरेच्या टप्प्यात लहानसाच भाग लुकलुकत असेल, तर झटक्याचा धोका फार कमी होतो. म्हणून निकषांनी छोट्या चित्रांना सवलत दिली आहे. नेहमीच्या संगणकाच्या पडद्यासाठी ही मर्यादा २१,८२४ चौरस पिक्सेल धरली जाते. वैयक्तिक पानांवर दिसणारे ठरावीक बटण ८८ बाय ३१ पिक्सेलचे, म्हणजे २,७२८ चौरस पिक्सेलचे असते. एकटे बटण मर्यादेच्या पुष्कळ आत बसते. पण अशी आठ बटणे एकमेकांना लागून एकाच वेळी लुकलुकू लागली, की ही मर्यादा नेमकी गाठली जाते. हौशी पानांवर तर पन्नास-पन्नास बटणांच्या रांगा असतात. चमकत्या चांदणीचा एक छोटा तुकडा पार्श्वभूमीवर फरशीसारखा जोडत नेला, तर अख्खा पडदाच भगभगू लागतो. तेच चित्र फोनवर कुणी मोठे करून, अंधारात, चेहऱ्याजवळ धरून पाहिले तर धोका आणखी वाढतो. बनवणाऱ्याच्या हातात असताना निरुपद्रवी असलेले चित्र लावणाऱ्याच्या हातात गेल्यावर तसेच राहील याची खात्री नसते. जबाबदारी त्यामुळे दोघांचीही आहे.

अजाणतेपणी होणारी इजा समजून घेता येते. जाणूनबुजून केलेली नाही. अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये अपस्मार असलेल्या एका पत्रकाराला कुणीतरी ट्विटरवरून मुद्दाम भगभगणारे जिफ पाठवले आणि त्यांना झटका आला. या प्रकरणी पुढे अटकही झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये, अपस्माराविषयी जनजागृतीचा महिना सुरू असताना, तेथील एपिलेप्सी फाउंडेशनच्या अनुयायांवर अशाच चित्रांचा मारा झाला. ब्रिटनने याची दखल घेतली. अपस्मार असलेल्यांना इजा पोहोचवण्याच्या हेतूने लखलखती चित्रे पाठवणे हा तेथे २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरला असून, त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हलत्या चित्राने शरीराला इजा होऊ शकते, हे कायद्यानेच त्यातून मान्य केले.

आपल्याकडे हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. दिवाळीच्या पणत्या, गणपतीच्या मखरातली रोषणाई, सुप्रभातची चमचमती फुले अशी हलती चित्रे रोज घरोघरच्या फोनवर येतात आणि न पाहता पुढे जातात. सरकारी आणि विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर ‘न्यू’ असे लिहिलेले लुकलुकणारे चिन्ह तर वर्षानुवर्षे ठाण मांडून आहे. ते इवलेसे असल्याने त्यापासून झटक्याची भीती सहसा नाही. पण निकषांचा दुसरा नियम त्याला लागू होतो. इतर मजकुराशेजारी पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ आपोआप हलणारे काहीही वाचकाला थांबवता आले पाहिजे. एकाग्रतेत अडचण असलेल्यांना आणि मंद दृष्टीच्या वाचकांना अशा सततच्या हालचालीने शेजारची ओळ वाचणे अवघड होते. केंद्र सरकारच्या संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली आणि ती याच आंतरराष्ट्रीय निकषांवर बेतलेली आहे. नियम कागदावर आहे. तो पडद्यावर उतरवणे एवढेच बाकी आहे, आणि त्याला खर्चही येत नाही.

अपस्माराबद्दल बोलणेच आपल्या समाजात टाळले जाते, ही खरी अडचण आहे. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर १९९९ मध्ये दूर झाला. तरीही लग्न मोडेल, नोकरी जाईल या भीतीने आजार लपवला जातो. औषधोपचाराने दहापैकी सात रुग्ण झटक्याविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लपवणाऱ्याला मात्र उपचारही मिळत नाहीत आणि ‘हे चित्र मला पाठवू नका’ असे सांगण्याची सोयही उरत नाही. म्हणूनच काळजी घेण्याचा भार पाहणाऱ्यावर टाकून चालणार नाही. चित्र बनवणाऱ्याने वेग तपासावा. लावणाऱ्याने एका नजरेत किती चित्रे लुकलुकतात ते पाहावे, पानावर ती थांबवण्याचे बटण ठेवावे. पुढे पाठवणाऱ्याने भगभगणारे चित्र पाठवूच नये.

पाहणाऱ्यानेही एक गोष्ट लक्षात ठेवावी. पडदा अचानक भगभगू लागला, तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान वळवावी. केवळ डोळे मिटून भागत नाही, कारण प्रकाश पापण्यांतून आत जातो. कुणाला फिट आलीच, तर त्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकला, लागोपाठ दुसरा आला किंवा तो आयुष्यातला पहिलाच असेल, तर रुग्णालय गाठावे.

इंटरनेटवरच्या या चिमुकल्या चांदण्या कुणी विझवाव्यात असे नाही. १० च्या जागी ५० लिहिल्याने चांदणीची चमक कमी होत नाही. ती थोडी सावकाश लुकलुकते, एवढेच. तो बदल करायला दहा सेकंदही लागत नाहीत. न केल्याची किंमत मात्र पडद्यापलीकडच्या अनोळखी मुलाला मोजावी लागू शकते.