हॉस्टेल अँड कंपनी

एक साधा प्रश्न. फर्स्ट इयरला इंजिनिअरिंग ग्राफिक्ससाठी घेतलेला मिनी ड्राफ्टर सेकंड इयरला कुठे असतो? बरोबर, खाटेखाली! धूळ खात. आणि त्याच वेळी खालच्या मजल्यावर नवीन आलेली मुलं दुकानातून कोरे ड्राफ्टर घेऊन येत असतात. विकणारा तयार, घेणारा तयार, पण दोघांची गाठ घालून देणारं कुणी नाही. ही गाठ घालून देणं म्हणजेच धंदा. माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक हॉस्टेलमध्ये विद्यार्थ्यांची स्वतःची एक छोटी कंपनी असावी. खऱ्या पैशांची, खऱ्या नफ्या-तोट्याची.

यावर कुणी म्हणेल, "अगं, आपल्याकडे आंत्रप्रेन्युअरशिप सेल आहे की!" आहे ना. बऱ्याच कॉलेजांत आहे. बिझनेस प्लॅनची स्पर्धा होते, पॉवर पॉइंटवर कंपनी तिसऱ्याच वर्षी कोटीत जाते, सर्टिफिकेट मिळतं, चहा-समोसा होतो आणि संध्याकाळी कंपनी बंद! या सगळ्यात कुणाचा एक रुपयाही बुडत नाही. म्हणूनच कुणी फारसं काही शिकतही नाही.

आता ड्राफ्टरचंच गणित करून बघा. समजा आपण सिनिअर्सकडून 150 रुपयांप्रमाणे 40 ड्राफ्टर घेतले. गेले 6000. प्रत्येकी 200 ला विकले की 8000. म्हणजे 2000 रुपये फायदा. कागदावर! प्रत्यक्षात चार ड्राफ्टर इतके वाकडे निघतात की दुरुस्तच होत नाहीत. बाकीच्यांना स्क्रू आणि पट्ट्या बसवायला 600 लागतात. राहिलेले 36 विकले जातात, पण त्यातले पाच जण "पुढच्या महिन्यात देतो यार" म्हणतात आणि ते पैसे कधीच येत नाहीत. हातात येतात 31 ड्राफ्टरचे 6200. खर्च 6600. म्हणजे 400 रुपये तोटा! ब्रेक-इव्हन पॉइंट आपण परीक्षेपुरता पाठ करतो. पण माल घेताना नीट तपासावा, मोडतोड धरूनच किंमत ठरवावी आणि जिवलग मित्राला उधारी द्यावी की नाही, हे त्या फॉर्म्युल्यात कुठे असतं?

ही कल्पना काही माझी नाही. अमेरिकेत 1919 साली ज्युनिअर अचीव्हमेंट नावाची संस्था सुरू झाली. तिथे शाळकरी मुलं शेअर विकून भांडवल गोळा करायची, एखादी वस्तू बनवून विकायची आणि वर्षाअखेर हिशोब करून कंपनी बंद करायची. गंमत म्हणजे त्याच 1919 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 'कमवा आणि शिका' या योजनेने कितीतरी गरीब मुलांना शिकवलं, श्रमाची लाज घालवली. पण त्यात मूल काम करतं आणि मोबदला घेतं. काय विकायचं, केवढ्याला विकायचं आणि फसलं तर कुणी भरायचं, हे ठरवण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. कंपनीत ती असते.

याच्या जवळचं उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या पाबळचं. ज्या हिंदुस्थान लिव्हरचा कारखाना आपल्या खामगावला आहे, त्याच कंपनीतले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, पोल्ट्री शिकतात. कशी? गावाची खरी कामं घेऊन, त्यांचं कॉस्टिंग करून आणि पैसे आकारून. गिऱ्हाईक समोर असलं की वेल्डिंग आपोआप सुधारतं! एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब 2002 मध्ये तिथेच आली. शाळा सोडलेल्या मुलांवर एवढा विश्वास टाकता येतो, तर भावी इंजिनिअरवर का नाही?

आणि आपला बुलढाणा जिल्हा काय कमी आहे? खामगावची कापसाची आणि चांदीची बाजारपेठ आहे, शेगावची कचोरी आहे, 1986 साली बुलढाण्यात सुरू होऊन इतर राज्यांत पोचलेली बुलडाणा अर्बन आहे. धंदा इथल्या मातीत आहे. तरी आपण डिग्री हातात पडली की बॅग भरून पुण्याची गाडी पकडतो, कारण पगाराशिवाय दुसऱ्या कशाचा हिशोब आपण केलेलाच नसतो.

मग करायचं काय? शेअर 100 रुपयांचा. एकाला जास्तीत जास्त दोन, म्हणजे कुणी मालक होणार नाही. खात्यावर दोन सह्या, एक विद्यार्थ्याची आणि एक सरांची किंवा मॅडमची. दर महिन्याचा जमाखर्च मेसच्या नोटीस बोर्डवर. ड्राफ्टर, एप्रन, जुनी पुस्तकं यांपासून सुरुवात. एप्रिलमध्ये सगळ्यांसमोर हिशोब वाचायचा, उरलेले पैसे वाटायचे आणि कंपनी बंद करायची. पुढची बॅच नवीन काढेल.

अभ्यास बुडेल, अशी भीती काही शिक्षकांना वाटेल. गॅदरिंगच्या तयारीत महिनाभर बुडतो त्यापेक्षा नक्कीच कमी बुडेल! पैशांवरून भांडणं होतील, हे मात्र खरं. होऊ द्या. नोकरीत आणि धंद्यात ती होणारच आहेत. निदान इथे 200 रुपयांवर होतील, आणि मिटवायला रेक्टर आहेत.

आणखी एक मुद्दा आम्हा मुलींचा. फेस्ट आला की स्पॉन्सरशिप आणायला मुलं जातात आणि आमच्या वाट्याला रांगोळी आणि सूत्रसंचालन येतं. कारण काय, तर हॉस्टेलच्या वेळा. या कंपनीचं गिऱ्हाईक हॉस्टेलच्या आतच आहे. गेट बंद झाल्यावरही आमचं दुकान चालू राहील. पैशांचा व्यवहार मुलींनी कधी शिकायचा, या प्रश्नाचं यापेक्षा सोपं उत्तर मला दिसत नाही.

केंद्र सरकारने 2019 मध्ये विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी खास स्टार्टअप धोरण आणलं, त्यामुळे कागदोपत्री परवानगीचा प्रश्न फार मोठा नाही. कॉलेजकडे आमचं मागणंही मोठं नाही. जिन्याखालची थोडी जागा, एक टेबल, एक कुलुपाचं कपाट आणि सहीसाठी एक शिक्षक. भांडवल आम्ही जमवतो. आणि मंडळी, तोवर निदान खाटेखालचा ड्राफ्टर बाहेर काढून पुसून ठेवा. पहिला माल तोच आहे!