यंदा किल्ल्याचा एकच दरवाजा करा!

मैत्रिणींनो, दसरा झाला की घरोघरी दोन गोष्टींची चौकशी सुरू होते. भाजणी कधी भाजायची आणि किल्ला कुठे करायचा! भाजणीचं आपण पाहूच, पण किल्ल्याच्या बाबतीत आपण बायका बहुधा ‘घाण करू नका रे’ एवढंच सांगून मोकळ्या होतो. त्यातून हल्ली बाजारात रंगवलेला तयार किल्ला मिळतो. आणला, गॅलरीत ठेवला, वर चार मावळे उभे केले की झालं. मला विचाराल तर तो आणूच नका.

मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. ‘रायगडाचा महादरवाजा गोमुखी बांधणीचा आहे’ हे वाक्य मुलांना तोंडपाठ असतं, पण गोमुखी म्हणजे काय, असं विचारलं की वर्ग चिडीचूप! हा शब्द खडूने फळ्यावर काढून कळत नाही, माती हातात घ्यावी लागते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात रायगडही आहे. त्याचं दार असं आडबाजूला का, हे आपल्या पोरांना ठाऊक नको का?

आता नेहमीचा घोळ कुठे होतो ते बघा. डोंगर दोन फुटांचा आणि त्यावरचा मावळा वीतभर! मग तो गड न दिसता वारूळ दिसतं. म्हणून आधी मावळे आणा आणि पट्टीने मोजा. दीड इंचाचे मिळाले तर उत्तम. साडेपाच फुटांचा माणूस दीड इंचाचा झाला, म्हणजे एक इंचाला साधारण पावणेचार फूट. अख्खा रायगड या मापाने करायला गेलात तर दुमजली घराच्याही वर जाईल. पण महादरवाज्याचे दोन बुरूज सुमारे ७५ आणि ६५ फूट उंच सांगतात. आपल्या मापात ते २० इंच आणि साडेसतरा इंच होतात. गॅलरीत सहज मावतात की नाही? हे गणित मुलांकडूनच करून घ्या, त्रैराशिकाची उजळणी फुकटात होते.

अडीच फूट बाय दोन फूट फळी घ्या, खाली जुनं प्लास्टिक अंथरा. माती चाळून रात्रभर भिजवा आणि सकाळी तिच्यात मूठ-दोन मूठ भुसा मळा, म्हणजे भेगा कमी पडतात. बुरुजांसाठी पावडरचे रिकामे डबे एकावर एक दोऱ्याने घट्ट बांधा, त्यांना चिखलात बुचकळलेलं गोणपाट गुंडाळा आणि वरून मातीचे दोन पातळ हात द्या. एकच जाड थर दिलात तर वाळताना सुटून येतो. थर्माकोल मी घरात आणत नाही. माती दिवाळीनंतर कुंड्यांत जाते, थर्माकोल कुठे जाणार?

गोमुखी मांडणी अशी. दोन्ही बुरूज समोरासमोर न ठेवता एक जरा पुढे, एक जरा मागे ठेवा. त्यांच्यामधून बोळासारखी वाट काढा, ती वळवा आणि वळणाच्या आत दार बसवा. दारावर दोन कमळं कोरायला विसरू नका, ती खऱ्या दरवाज्यावर आहेत. आतल्या अंगाला पहारेकऱ्यांच्या देवड्या करा. मग मुलांना जमिनीवर पालथं पडून, एक डोळा मिटून, मावळ्याच्या उंचीवरून पाहायला सांगा. दार दिसतच नाही! समोर नुसती भिंत. शत्रूला दार सापडेपर्यंत तो दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात आलेला असतो, आणि हत्तीला धडक द्यायला धावायला जागाच नसते. एवढं पाहिलं की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

माती अर्धवट वाळली की विणकामाच्या सुईने चिऱ्यांच्या रेघा ओढा. चिरा पाव इंचाहून मोठा नको, आणि खालचे-वरचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. (आपले गवंडीही तेच सांगतात.) बुरुजाला गेरू फासायची सवय सोडा, रायगडाचा दगड काळा आहे. काळ्या मातीत राख कालवून रंग द्या. तो वाळला की ब्रश चुन्यात बुडवून फडक्याला जवळजवळ कोरडा पुसून घ्या आणि कडांवरून हलकेच फिरवा. चिरे कसे उठून दिसतात ते बघाच. आजूबाजूचा कातळही उभ्या गुळगुळीत उतरणीचा करू नका. सह्याद्रीला पायऱ्या असतात, एक काळा उभा पट्टा, मग गवताची उतरण, पुन्हा पट्टा. अळीव फक्त उतरणीवर पेरा, आणि तेही दोन-तीन दिवसच आधी. इंचभर वाढलं की मावळ्याच्या छातीला लागतं! फार वाढलं तर कात्रीने छाटा. दिवाळीत डोंगरावरचं गवत पिवळं पडू लागलेलं असतं, म्हणून थोडा भुसाही भुरभुरा.

मावळे बाजारातून येतात ते गुलाबी गालांचे, चकचकीत. पातळ गेरूच्या पाण्याचा एक हात द्या. पाणी घड्यांत उतरतं आणि अंगरखा अंगरख्यासारखा दिसतो. उभे करताना पायाखालची चकती मातीत दाबा आणि वरून धूळ टाका, नाहीतर प्रत्येक जण ताटलीत उभा वाटतो. पण आधी अळिवाला पाणी घाला आणि मग मावळे मांडा, कच्च्या मातीचे असतील तर विरघळतात.

आता कोण कुठे? चार जण बुरुजांवर, दोघे दाराशी, दोघे देवडीत विसावलेले. आठ पुरेत. सिंहासनावरचे महाराज वेशीत बसवू नका, त्यांना शेजारी पाटावर मानाने वेगळं बसवा. आणि बाजारात डोक्यावर घडा घेतलेली गवळण मिळते ना? ती जरूर आणा. कोजागरीच्या संध्याकाळी दार बंद झालं आणि घरी तान्हं बाळ असलेली हिरकणी कडा उतरून गेली, ही आख्यायिका याच दाराची. तिला दाराच्या आतल्या बाजूला, बंद दाराकडे तोंड करून उभी करा. आमच्याकडे दोन वर्षं ही जागा मुलींनी ठरवली आहे. किल्ला म्हणजे मुलांचा आणि रांगोळी मुलींची, ही वाटणी कोणी केली कोण जाणे! बहिणीचे हात चिखलात असतील तर भावाने ठिपके मोजायला काय हरकत आहे?

पणती बुरुजामागे, गोणपाटापासून हातभर दूर ठेवा, म्हणजे बोळात सावली पडते. आणि शेवटच्या दिवशी किल्ल्यात फटाका लावायचा हट्ट पोरं करतीलच, साफ नाही म्हणा. मावळे काढून भुशाच्या डब्यात ठेवा, पुढल्या वर्षी हात तुटलेले निघत नाहीत.