फिल्टरचा स्पंज फार लख्ख करू नका

मैत्रिणींनो, अंगणातल्या छोट्या हौदात कमळ लावलं, चार मासे सोडले, की पाठोपाठ फिल्टर, पंप आणि नळीची उस्तवार आलीच!

फिल्टरचा स्पंज तपकिरी, बुळबुळीत दिसला की आपले हात शिवशिवतात. तो नळाखाली धरून लख्ख करावासा वाटतो. पण थांबा. माशांच्या विष्ठेतून पाण्यात उतरणारा अमोनिया माशांना विषासारखा. तो पचवणारे जिवाणू त्या बुळबुळीत थरातच राहतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं ते मरतात, आणि मग पाणी नितळ दिसत असूनही मासे दगावतात. म्हणून बादलीत हौदाचंच पाणी घ्या, त्यात स्पंज दोनतीनदा हलक्या हातानं पिळा, बस्स. ते गढूळ पाणी गुलाबाला घाला, त्याला मानवतं.

पंपाची जाळी मात्र जुन्या टूथब्रशनं खुशाल घासा. धार बारीक झाली की तिथं शेवाळ अडकलं असं समजावं. पण आधी बटण बंद, प्लग काढलेला, मगच पाण्यात हात! वायरला चीर गेली असेल तर चिकटपट्टीवर भागवू नका, बरं का.

आणि हौद भरताना नळीचं तोंड पाण्यात बुडवून ठेवू नका. मध्येच नळ गेला तर पाइपात ओढ निर्माण होते आणि हौदाचं पाणी उलटं पिण्याच्या पाइपात शिरू शकतं. तोंड वीतभर वर बांधा. काम झालं की नळी रिकामी करून सावलीत गुंडाळून ठेवा. उन्हानं रबर तडकतं.