त्यांचे नाव घेऊया

वाचकहो, आपल्याकडे घरातील वडील माणूस गेले की त्याच्या जुन्या धोतराची, लुगड्याची गोधडी शिवण्याची रीत होती. पितृपंधरवड्यात त्याच्या नावाने पान वाढले जाते. मात्र काही माणसांची नावे घरातूनच पुसली गेली. एड्सने गेलेल्या मुलाविषयी किंवा सुनेविषयी ‘क्षय झाला होता’ एवढेच सांगितले जाई. ते पूर्ण खोटेही नसे, कारण एचआयव्हीबाधितांचे बळी घेणाऱ्या आजारांत क्षयरोग अग्रभागी आहे. पण अर्धे सत्य सांगून उरलेला शोक गिळावा लागे.

१९८३ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्को येथे एड्सचे रुग्ण स्वतः मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरले. तेव्हापासून मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी अनेक देशांत गेलेल्यांचे स्मरण केले जाते. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये १,९२० तुकड्यांची एक प्रचंड गोधडी अंथरली गेली. प्रत्येक तुकडा तीन फूट रुंद व सहा फूट लांब, म्हणजे साधारण एका थडग्याएवढा. त्यावर आप्तांनी गेलेल्याचे नाव शिवले होते.

मुंबईत मात्र नाव उच्चारणेच धोक्याचे होते. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी कामगाराचे प्रकरण आले. अंगात काम करण्याची ताकद असूनही केवळ एचआयव्हीमुळे त्याला काम नाकारले गेले होते. न्यायालयाने त्याला खरे नाव झाकून ‘एमएक्स’ या नावाने दाद मागू दिली आणि निव्वळ संसर्गाच्या कारणावरून सक्षम माणसाचा रोजगार हिरावता येणार नाही, असा निर्णय दिला. तेव्हा गुप्तता ही नेहमी लाजच नसते; कधी ती ढालही असते.

हा विवेक शिकवण्याचे काम देवनारमध्ये झाले. १९३६ साली नागपाड्यात सुरू झालेली समाजकार्याची शाळा, आजची टाटा समाजविज्ञान संस्था, १९५४ साली देवनारला आली. या संस्थेच्या ‘सक्षम’ प्रकल्पातून एचआयव्ही चाचणी केंद्रांतील समुपदेशकांना प्रशिक्षण मिळाले. घरी बोलता येत नाही ते ऐकून घेणे आणि ऐकलेले स्वतःपाशीच ठेवणे, हा या कामाचा पाया आहे.

आपल्या मंडळात किंवा वसाहतीत १ डिसेंबरला अथवा मे महिन्यात स्मरणसभा घ्यावयाची असेल, तर हाच पाया धरावा. गेलेल्याचे नाव वा छायाचित्र आप्तांच्या संमतीशिवाय वापरू नये. मागे राहिलेली पत्नी व मुले त्याच वस्तीत राहणार असतात. संमती नसेल तर ‘माझा भाऊ’, ‘माझी मैत्रीण’ एवढे म्हटले तरी पुरे. ‘रोग कसा जडला?’ हा प्रश्न कोणीही विचारू नये. मेणबत्तीऐवजी समई लावली तरी चालेल.

मात्र स्मरण दिव्यापाशी थांबू नये. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एआरटी औषधोपचार मोफत मिळू लागला. मुंबईत त्याचा आरंभ जे. जे. रुग्णालयात झाला. औषध नियमित घेऊन रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके खाली आले व तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. गर्भवतीला वेळेवर उपचार मिळाल्यास बाळाचा धोका फार कमी होतो. क्षयरोग झालेल्या प्रत्येकाने एचआयव्हीची चाचणी करून घ्यावी. सरकारी केंद्रांत ती मोफत होते. १०९७ या क्रमांकावर माहितीही मोफत मिळते. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने नोकरी, शिक्षण व उपचारांतील भेदभावास मनाई केली असून, रुग्णाच्या माहितीच्या गुप्ततेलाही संरक्षण दिले आहे.

वाचकहो, २००४ पूर्वी गेलेल्या बहुतेकांच्या हाती हे औषध पडलेच नाही. त्यांच्यापैकी कोणी आपल्या घरातले असेल, तर या पंधरवड्यात एकदा घरच्यांसमवेत त्याचे नाव घ्या. त्याला काय आवडे, तो कसा हसे, ते मुलांना सांगा. ज्या घरात गेलेल्याचे नाव निर्भयपणे घेतले जाते, त्या घरातील जिवंत माणसाला चाचणीसाठी बाहेर पडताना उंबरठा आडवा येत नाही.