आधी न्हाणीघर, मग दिवाणखाना

दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईच्या तोंडावर गावात घरोघरी वाळू-सिमेंटचे ढीग दिसू लागतात. कोणी दिवाणखान्याची फरशी बदलतो, कोणी स्वयंपाकघराचा ओटा नवा करतो. अलीकडे या यादीत न्हाणीघराची भर पडली आहे. आरशासारख्या चकचकीत टाइल्स, भिंतीवर टांगलेला कमोड, काचेचा पडदा, तऱ्हेतऱ्हेचे शॉवर असे सारे दुकानात मांडलेले असते आणि मोबाइलवर तर डिझाइनांचा पूरच लोटलेला असतो. हौस करू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. कष्टाच्या पैशाने माणसाने घर सजवावे. पण घरातील इतर कोणत्याही खोलीपेक्षा न्हाणीघराचा संबंध डॉक्टरशी अधिक येतो. म्हणून त्याचा आराखडा ठरवताना रंगाआधी पायांचा, आणि शोभेआधी श्वासाचा विचार व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरण पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो आणि त्यात साठीपुढची माणसे सर्वांत जास्त असतात. आपल्याकडे मात्र "म्हातारपणी पडायचेच" असे म्हणून विषय संपवला जातो.

म्हातारी माणसे न्हाणीघरातच का पडतात? प्रोस्टेटच्या किंवा मधुमेहाच्या त्रासामुळे रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर अंथरुणातून एकदम उठल्यावर दाब खाली येऊन चक्कर येते. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघ्यांत वात आणि झोपेचा अंमल. ही सगळी कारणे एकत्र येतात ती रात्री दोन वाजता, ओल्या फरशीवर. हाडे ठिसूळ झालेली असली, विशेषतः मासिक पाळी गेलेल्या स्त्रियांची, की साध्या पडण्यानेही खुब्याचे हाड मोडते. मग शस्त्रक्रिया, अंथरूण, छातीत कफ साचून होणारा न्यूमोनिया, पाठीला पडणाऱ्या जखमा, पायाच्या शिरांत होणाऱ्या गुठळ्या हे चक्र सुरू होते. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक वर्षभरात दगावतो, असे अनेक देशांतील पाहण्यांतून दिसले आहे. जे वाचतात त्यांतले कित्येकजण पुन्हा पहिल्यासारखे चालत नाहीत. "पाय घसरल्याचे निमित्त झाले" असे आपण म्हणतो. पण ते निमित्त नव्हते, तेच कारण होते, आणि ते टाळता आले असते.

फरशी, दांडी आणि दार

पहिली गोष्ट फरशी. जुन्या मोरीतली शहाबादी फरशी दिसायला साधी होती, पण खरखरीत असल्यामुळे तिच्यावर पाय टिकत असे. तिच्या जागी भिंतीच्या गुळगुळीत टाइल्स जमिनीवर घालणे म्हणजे घरात निसरडे विकत आणणे होय. न्हाणीघराच्या जमिनीसाठी खरखरीत, न घसरणाऱ्याच टाइल्स घ्याव्यात. दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. नमुन्याच्या टाइलवर साबणाचे पाणी ओतून अनवाणी पाय घासून पाहावा. दुकानदार हसला तर हसू द्यावा. फरशीला उतार नीट हवा. पाच फुटांना एक इंच उतार असला की पाणी साचत नाही आणि चालतानाही जाणवत नाही. न्हाणीघर आणि संडास एकत्र असेल तर अंघोळीची जागा कडेला ठेवून कमोडकडे जाणारी वाट कोरडी राहील असे पाहावे. उंच उंबराही नको. ठेच त्यालाच लागते.

दुसरी गोष्ट आधाराच्या दांड्यांची. कमोडच्या बाजूला एक आणि अंघोळीच्या जागी एक अशा निदान दोन स्टीलच्या दांड्या हव्यातच. त्या पक्क्या विटांच्या भिंतीत बोल्टने बसवाव्यात आणि धडधाकट माणसाने सगळा भार टाकून ओढून पाहाव्यात. टॉवेलची दांडी म्हणजे आधाराची दांडी नव्हे. घसरणारा माणूस हाताला येईल ते धरतो, टॉवेलची दांडी उपटून येते आणि माणूस तिच्यासह खाली येतो. टाइल्स बसवण्याआधीच या दांड्यांच्या जागा गवंड्याला खुणा करून दाखवाव्यात. नंतर टाइल फुटेल या भीतीने ते काम कायमचे राहून जाते.

तिसरी गोष्ट दार. आपल्याकडे न्हाणीघराचे दार बहुधा आत उघडते. आत माणूस पडला तर त्याचेच शरीर दाराला अडते आणि बाहेरचे धावून आले तरी दार उघडत नाही. म्हणून दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे आणि कडी अशी असावी की ती गरजेला बाहेरून काढता येईल. रुंदी जमल्यास तीन फूट ठेवावी. आज ना उद्या कोणाला चाकाची खुर्ची किंवा वॉकर घेऊन आत जावे लागले तर अडीच फुटी दार तोडावे लागत नाही. अंथरुणापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर एक लहान दिवा जळत ठेवावा.

भारतीय की कमोड?

या वादावर घराघरांत मतभेद होतात. उकिडवे बसण्याची आपली पद्धत वाईट नाही. ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांनी ती जरूर चालू ठेवावी. पण संधिवात झालेल्या माणसाला उकिडवे बसायला लावणे ही शिक्षा आहे. त्या भीतीने कित्येक वृद्ध, विशेषतः स्त्रिया, पाणी कमी पितात, शौचाला जाणे टाळतात आणि मग बद्धकोष्ठ व लघवीच्या जंतुसंसर्गाची तक्रार घेऊन येतात. घरात दोन संडास असतील तर एकेक प्रकारचा ठेवावा. एकच असेल आणि घरात साठीपुढचे माणूस असेल, तर माझे मत कमोडच्या बाजूने आहे. त्याची बैठक जमिनीपासून १७ ते १९ इंच असली की दुखऱ्या गुडघ्यांनी उठणे सोपे जाते. भिंतीवरचा कमोड घेणार असाल तर ही उंची बसवतानाच ठरवून घ्या. कमोडवर शौचाला साफ होत नाही अशी ज्यांची तक्रार असते त्यांनी पायाखाली लहानसा पाट घ्यावा. गुडघे वर येतात आणि उकिडवे बसल्याचा बराचसा फायदा मिळतो.

न दिसणारा शत्रू

आता सर्वांत गंभीर मुद्दा. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे तरुण माणसे दगावल्याची बातमी हिवाळ्यात वाचायला मिळते. ही माणसे आजारी नसतात. अंघोळीला जातात आणि बाहेर येत नाहीत. लहान खोलीत दार-खिडकी लावून गिझर पेटवला की हवेतला प्राणवायू कमी होत जातो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. या वायूला वास नाही, रंग नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गरगरते, हातापायांतले बळ जाते आणि दाराची कडी काढण्याआधीच शुद्ध हरपते. कधी झटके येतात आणि घरचे त्याला मिरगी समजतात. अंघोळीच्या वेळीच चक्कर किंवा झटका आला असेल तर "घरात गॅस गिझर आहे" हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

आणखी एक सूचना. २०२० च्या कोविड साथीनंतर बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अनेक घरांत आले. या विषबाधेत ते फसवते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त त्याला प्राणवायूने भरलेलेच वाटते आणि आकडा ९८ दिसतो. त्यावर विसंबून घरी बसू नये. दार उघडून रुग्णाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा, आत रेंगाळू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. या रुग्णाला प्राणवायू हेच औषध असते.

म्हणून माझा आग्रह असा की गॅस गिझर आणि सिलिंडर न्हाणीघरात असताच कामा नये. तो बाहेर मोकळ्या हवेत बसवून गरम पाण्याची नळी तेवढी आत घ्यावी. नूतनीकरण चालू असताना हे काम सोपे असते, नंतर ते अवघड होते. तोवर बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, दार-खिडकी उघडी ठेवून हवा जाऊ द्यावी आणि मगच अंघोळीला जावे. नव्या आराखड्यात खिडकी बुजवून तिथे आरसा लावण्याचा मोह टाळावा. हवा खेळती नसेल तर भिंतींना बुरशी येते, टॉवेल सुकत नाहीत आणि घरभर गजकर्ण फिरत राहते.

विजेचा गिझर असेल तर अर्थिंग तपासून घ्यावे, बटण बाहेर ठेवावे आणि मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. विजेचा प्रवाह गळू लागला की तो क्षणार्धात वीज तोडतो. सौर बंबाचे पाणी उन्हाळ्यात फार कडक होते. बादलीत आधी गार पाणी, मग गरम, हा नियम ठेवावा. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी पाण्यात पाय घालून पाहू नये, कोपराने अंदाज घ्यावा. आणि घरात रांगते मूल असेल तर भरलेली बादली उघडी ठेवू नये. वीतभर पाणीही त्याच्या जिवावर बेतू शकते.

टाइल्स बसवून झाल्यावर सिमेंटचे डाग काढायला ॲसिड वापरतात. ते बंद खोलीत वापरू नये आणि ब्लिचिंग पावडरमध्ये तर कधीच मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि फुप्फुसांना इजा करतो. याच वेळी संडासाची टाकी साफ करायला काढतात. त्या टाकीत कोणालाही उतरवू नका. तिच्यातील वायूंनी एकामागोमाग एक उतरलेली माणसे मेलेली आहेत. संरक्षक साधनांशिवाय माणसाला असे उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसा यंत्राच्या टँकरनेच करून घ्यावा. टाकीच्या वायुनळीच्या तोंडाला जाळी बांधावी म्हणजे डास येणार नाहीत. शोषखड्डा विहिरीपासून निदान ६० फूट दूर असावा.

"घराचा दवाखाना होईल"

दांड्या लावल्या की घर दवाखान्यासारखे दिसेल, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. जिन्याला कठडा असतो म्हणून कोणी घराला दवाखाना म्हणत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. पण चांगली दांडी काही शेकड्यांत येते, दार बाहेर उघडणारे करायला बिजागऱ्यांची बाजू तेवढी बदलावी लागते आणि खरखरीत टाइल्स चकचकीत टाइल्सपेक्षा महाग असतातच असे नाही. ज्यांना नूतनीकरण परवडत नाही किंवा जे भाड्याच्या घरात राहतात त्यांनीही दांडी, रात्रीचा दिवा, बसून अंघोळ करण्यासाठी न डगमगणारे स्टूल आणि बाहेरून निघणारी कडी एवढे तरी करावे. खर्च किरकोळ आहे, लाभ मोठा.

मला खंत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. संडास कोणत्या दिशेला असावा हे आपण वास्तुतज्ज्ञाला विचारतो, टाइलचा रंग दुकानदाराला विचारतो, आणि बेसिन कुठे लावायचे हे प्लंबर ठरवतो. जी आजी रात्री भिंत चाचपत तिथे जाते, जी सून तिथे बसून तासभर कपडे धुते, त्यांना मात्र कोणी विचारत नाही. नळ किती उंच हवा, कोणत्या हाताला दांडी हवी, कुठे पाय सरकतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

तेव्हा गवंड्याला बोलावण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला हाताला धरून न्हाणीघरात न्या. त्यांना बसायला आणि उठायला सांगा, त्यांचा हात आधारासाठी कुठे जातो ते पाहा आणि तिथे खडूने खूण करा. नव्या न्हाणीघराच्या आराखड्यातली पहिली रेघ ती असू द्या. रंग मग तुमच्या आवडीचा निवडा.