रूपांतर कोणत्या मूळ संहितेचे? : वेताळ, 'द फँटम' आणि मराठी समीक्षा

चित्रकथेवरून निघालेल्या चित्रपटाचे मूल्यमापन करताना आपली समीक्षा बहुधा दोनच मापे हाताशी ठेवते. पहिले माप निष्ठेचे : चित्रकथेतील वेश, पात्रे व प्रसंग पडद्यावर कितपत टिकले याची मोजदाद. दुसरे माप विचारप्रणालीचे : महानायक हे साम्राज्यवादाचेच बालवाङ्मयीन रूप, तेव्हा निकाल आधीच लागलेला. सायमन विन्सर दिग्दर्शित 'द फँटम' (१९९६) या चित्रपटाला ही मापे लावली की त्यांचा तोकडेपणा लक्षात येतो. दोन्ही मापे मूळ संहिता म्हणून अमेरिकी चित्रमालिकेकडेच बोट दाखवतात. मराठी वाचकाच्या लेखी मात्र मूळ संहिता 'वेताळ' ही आहे, आणि ती भाषांतरित आहे.

ली फॉक यांची ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४मध्ये मुंबईहून सुरू केलेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'ने ती भारतीय भाषांत आणली. हे प्रकाशन १९९०मध्ये थांबले. भारतीय आवृत्तीत नायकाच्या देशाचे नाव 'डेंकाली' झाले आणि 'सिंग' हे चाच्यांच्या टोळीचे नाव 'सिंगा' असे बदलले. हे बदल उघडच सावधगिरीचे होते. 'फँटम'चा 'वेताळ' होणे ही घटना मात्र निराळ्या पातळीवरची आहे. येथे भाषांतराने एका संकेतव्यूहातून उचललेले पात्र दुसऱ्या, तितक्याच भरीव संकेतव्यूहात नेऊन ठेवले.

मराठीत वेताळाच्या अर्थाचे निदान दोन थर आहेत. वेताळपंचविशीतला वेताळ प्रेतात वास करतो, कथा सांगतो, राजाला पेचात टाकतो. दक्षिण कोकणातला वेताळ हा गावाचा राखणदार आहे. वेंगुर्ला तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठ्या आकाराच्या चामडी चपला अर्पण करतात. देव रात्री गावाच्या हद्दीत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. 'चालणारे भूत' ही फॉक यांची कल्पना ज्या वाचकापर्यंत वेताळ या नावाने पोहोचली, त्याच्या सांस्कृतिक स्मृतीत चालणारा वेताळ अगोदरच होता. करूळ घाट उतरून लागणारी वैभववाडी असो की किनाऱ्यावरची आरवली, रात्री फेरी घालणारा राखणदार ही कल्पना तेथे नवी नाही. वोल्फगांग इझर यांच्या परिभाषेत बोलायचे तर वैभववाडी हे येथे अभिप्रेत वाचकाचे स्थान समजावे. त्या स्थानावरून पाहिले असता चित्रपटाचे गुणदोष वेगळ्याच क्रमाने समोर येतात.

गुण प्रथम नोंदवणे न्याय्य ठरेल. टिम बर्टन यांच्या 'बॅटमॅन'नंतर (१९८९) महानायकाला काळवंडून टाकण्याची रीत रूढ होत असताना या चित्रपटाने १९३८चा काळ आणि नायकाचा जांभळा वेश दोन्ही राखले. कथेची टवाळी केली नाही. वैमानिक स्त्रियांची म्होरकी साला हिला पक्ष बदलण्याचा अधिकार दिला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नायकाच्या मृत पित्याला (पॅट्रिक मॅकगूहन) मुलाशी बोलणारे भूत म्हणून पडद्यावर आणले. निष्ठावादी समीक्षक याला दोष म्हणेल, कारण चित्रमालिकेत अमरत्व ही युक्ती आहे : वेश पित्याकडून पुत्राकडे जातो आणि बाहेरच्यांना तो एकच पुरुष वाटतो. मूळपुरुषाला घरातला जिवंत घटक मानणाऱ्या कोकणी वाचकाला मात्र हाच प्रसंग सर्वांत विश्वसनीय वाटेल. एकवीस पिढ्यांची परंपरा येथे निव्वळ बतावणी न राहता नाते बनते.

दोषाचे मूळ वेशभूषेत नाही, आणि खलनायक ड्रॅक्सच्या भडकपणातही नाही. सामर्थ्य कोठे वसते, या प्रश्नाला चित्रपटाने दिलेल्या उत्तरात ते आहे. वेतोबाच्या बाबतीत सामर्थ्य परस्परसंबंधात वसते. गाव चपला देते, देव त्या झिजवतो, आणि गाऱ्हाणे घालून गाव त्याला जाब विचारू शकते. चित्रमालिकेत ते लोकांच्या विश्वासात वसते. हा विश्वास फसवणुकीवर उभा आहे हे खरे, पण अरण्यवासी मानतात म्हणून नायक अमर असतो. चित्रपटात सामर्थ्य वस्तूत जाते. तीन कवट्यांचा शोध न्यूयॉर्कपर्यंत पोहोचतो, आणि नायकाच्या बोटातली अंगठी हीच चौथी कवटी असल्यामुळे तो वाचतो. लोकांनी विश्वास ठेवला काय, न ठेवला काय, कथानकाला फरक पडत नाही. म्हणूनच बेंगालाचे लोक पडद्यावर जवळजवळ मूक आहेत. त्यांच्याकडे करण्यासारखे काहीच उरलेले नाही.

विचारप्रणालीवादी समीक्षेला हे दिसायला हवे होते. एरियल डोर्फमन आणि आर्मांद मातलार यांनी १९७१मध्ये डोनाल्ड डकच्या चित्रकथांची जी चिकित्सा केली, तिची धार अंशाअंशाच्या वाचनात होती. तिचे आपल्याकडील अनुकरण निष्कर्षापासून सुरू होते. गोरा पुरुष अरण्याचा त्राता आहे, हे विधान चित्रमालिकेला व चित्रपटाला सारखेच लागू पडते. म्हणून चित्रपटाने चित्रमालिकेपेक्षा अधिक काय बिघडवले हे त्यातून सांगता येत नाही. जे माप दोन कृतींत भेद करू शकत नाही, ते समीक्षेच्या उपयोगाचे नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला, वेताळ हे नाव केवळ सोयीचे होते. भाषांतरकाराच्या मनात आरवली नसणार. तसे असेलही. परंतु नाव एकदा भाषेत आले की त्याचे अर्थ भाषांतरकाराच्या हेतूवर अवलंबून राहत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : ग्रामदैवताला प्रमाण मानणे म्हणजे देशीवादाच्या नावाखाली गावगाड्याचे उदात्तीकरण. गाऱ्हाणे घालण्याचा मान परंपरेने ठरलेल्यांकडे असतो, आणि मानपानाची ती उतरंड जातीपासून मुक्त नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण येथे वेतोबा आदर्श म्हणून पुढे केलेला नाही, तुलनेसाठी ठेवलेला आहे. राखणदाराला प्रश्न कोण विचारू शकतो, हा प्रश्न गावालाही लागू आहे आणि बेंगालालाही. गावात त्याचे उत्तर विषम आहे. चित्रपटात तो प्रश्नच उद्भवत नाही.

सुमारे पंचेचाळीस दशलक्ष डॉलर खर्चून काढलेला हा चित्रपट अमेरिकेत सतरा दशलक्षांच्या आसपास अडकला, ही बाब व्यापाराची आहे. मराठी समीक्षेपुढचा प्रश्न निराळा आहे. एका पिढीने वाचलेली भाषांतरित चित्रकथा वाङ्मयेतिहासात नोंदली जात नाही, तिची भाषा, तिची नामकरणे आणि तिचे वाचक अभ्यासाचा विषय होत नाहीत, तोवर अशा प्रत्येक रूपांतराची तुलना आपण न वाचलेल्या मूळ संहितेशी होत राहील. 'इंद्रजाल'चे मराठी अंक रद्दीत जाण्यापूर्वी विद्यापीठीय ग्रंथालयांनी ते जमवावेत आणि त्यांवर संशोधन व्हावे, ही मागणी स्मरणरंजनाची नव्हे. तुलनेची एक बाजूच हाती नसताना रूपांतराची समीक्षा संभवत नाही, इतकाच तिचा अर्थ आहे.